पांढरा कुठे थांबणार: पावसाळ्यातल्या प्रकल्प नोंदी

१५ जून २०२५

सुरुवात. पूल खेळताना बॉल पॉट होतायत, म्हणजे पॉकेटमध्ये जातायत, जवळचे सरळ तर डोळे झाकून होतात, पण पॉट झाल्यावर पांढरा, ज्याला क्यूने म्हणजे काठीने मारतो तो बॉल, कुठे जाऊन बसतो ते रामभरोसे, आणि एट बॉल या पूलच्या प्रकारात सलग चार-पाच बॉल काढायचे असतील तर रामभरोसे भागत नाही. म्हणून हा अख्खा पावसाळा फक्त पांढऱ्यासाठी द्यायचा ठरवलंय. दादरच्या पार्लरमध्ये रविवारी सकाळी टेबल रिकामं असतं, रेटही कमी असतो, आणि तिथली टेबलं सांभाळणाऱ्या मार्कर काकांनी परवानगी दिलीय की शिंप्याच्या खडूने टेबलाच्या कपड्यावर बारीक खुणा केल्या तर चालेल, जाताना ब्रश मारून द्यायचा.

पद्धत अशी. दोन्ही बॉलच्या जागा खडूने पक्क्या करायच्या म्हणजे तोच शॉट हवा तेवढ्या वेळा तसाच लावता येतो. मारायच्या आधी अंदाज वहीत लिहायचा, पांढरा जिथे थांबेल असं वाटतं तिथे एक ए-फोर कागद पसरायचा, मग मारायचं. कागदाबाहेर गेला तर किती गेला आणि कुठल्या बाजूला ते वितीने मोजून लिहायचं. अंदाज आधी लिहिणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण शॉट झाल्यावर कुणालाही वाटतं की हो हे असंच होणार होतं, आणि मग डोक्यात काही नवीन शिरत नाही. पांढरा कुठे जाईल हे ओळखणं एक काम आणि त्याला हवं तिथे नेणं दुसरं काम, दोन्हीचे रकाने वेगळे.

टेबल नऊ फुटी, खेळायची जागा १०० बाय ५० इंच, म्हणजे काठाच्या कुशनवरच्या डायमंड नावाच्या खुणा साडेबारा-साडेबारा इंचांवर. बॉल सव्वादोन इंचांचा. सगळी मापं यातच लिहिणार.

२२ जून

आज फक्त स्टन, तोही सरळ शॉटवर. म्हणजे पांढरा समोरच्या बॉलला फुल, म्हणजे बरोबर मधोमध, लागला की जागच्या जागी उभा राहिला पाहिजे, पुढे नको मागे नको.

दोन डायमंडच्या अंतरावर हे कुणालाही जमतं. चार डायमंडवर तोच शॉट तस्साच मारला तर पांढरा मागोमाग पुढे सरकतो. कारण बघायला एक युक्ती केली. पांढऱ्याच्या जागी अकरा नंबरचा लाल पट्ट्याचा बॉल ठेवला आणि मावसभावाला मोबाईल स्लो मोशनवर लावून कपड्याच्या लेव्हलला धरायला सांगितलं. मधल्याच्या जरा खाली मारला. व्हिडिओत दिसतं की बॉल पुढे जातोय पण पट्टा उलटा फिरतोय, मग उलटं फिरणं मंदावतं, मग एक छोटा तुकडा असा येतो की पट्टा अजिबात फिरत नाही, बॉल नुसता घसरत पुढे जातो, आणि त्यानंतर पट्टा सुलटा फिरायला लागतो आणि बॉल गडगडायला लागतो. पाच-सहा वेळा मागेपुढे करून आम्ही तो तुकडाच बघत बसलो. स्टन म्हणजे त्या तुकड्यात समोरचा बॉल गाठणं, बास. त्याच्या आधी गाठला तर पांढरा मागे येणार, नंतर गाठला तर मागोमाग जाणार.

म्हणजे कपडा सगळा वेळ काम करतोय. बॉल घसरत असला की कपडा त्याला गडगडायला लावणारच, मधोमध मारलेला बॉल पूर्ण गडगडायला लागेपर्यंत त्याचा वेग मूळ वेगाच्या पाच सप्तमांश झालेला असतो. त्यामुळे अंतर वाढलं की एकतर जोरात मारायचं म्हणजे कपड्याला वेळ मिळत नाही, किंवा खाली मारायचं म्हणजे कपड्याला संपवायला जास्त उलटी फिरकी मिळते. मला दुसरं आवडलं, जोर ताब्यात राहतो.

मी आजवर "कुठे मारायचं" असा विचार करत होते. प्रश्न "पोचताना तो काय करतोय" असा विचारला पाहिजे, घसरतोय, गडगडतोय का उलटा फिरतोय. वहीत तिसरा रकाना वाढवला.

२९ जून

कॅरमची एक गोष्ट लिहून ठेवते कारण माझा हात चाळीतल्या कॅरमवर तयार झालाय आणि डोळा अजून तिथलेच कोन सांगतो. कॅरममध्ये स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा आणि सोंगटी ५ ते साडेपाच ग्रॅमची. तिप्पट जड वस्तू हलक्या वस्तूवर आपटली की ती थांबत नाही, फुल लागली तरी पुढे चालू लागते, आणि पातळ लागली तरी तिची दिशा फार फार तर २० अंशांच्या आसपास वळते. पूलमध्ये दोन्ही बॉल सारख्याच वजनाचे. त्यामुळे फुल लागला तर सगळा वेग समोरच्याला देऊन पांढरा थांबू शकतो, आणि कट, म्हणजे मधोमध न लागता बाजूला, लागला तर जवळजवळ काटकोनात बाजूला जाऊ शकतो. स्ट्रायकर पावडरीवर घसरतो, गडगडायचा प्रश्नच येत नाही, म्हणून फिरकीचा हा सगळा खेळ कॅरमवाल्याला नवीनच असतो. डोळ्याला रविवारी वेगळं चष्म्याचं भिंग लावल्यागत करावं लागणार.

६ जुलै

आषाढी, घरी साबुदाणा खिचडी खाऊन आले, पार्लर एकदम शांत.

आज स्टन पण कटवर. नियम सोपा आहे. पोचताना पांढरा नुसता घसरत असेल तर पॉट होणारा बॉल ज्या रेषेत जातो तिला काटकोनात पांढरा जातो. मी पॉकेटपासून बॉलपर्यंत क्यू धरते, त्याला आडवी दुसरी क्यू धरते आणि ती कुशनला जिथे लागते तिथे कागद ठेवते. वेगवेगळ्या कटवर करून बघितलं, दिशा इतकी बरोबर येते की मावसभाऊ म्हणाला हे आधी का कुणी सांगितलं नाही. पहिल्याच सकाळी दिशेचा रकाना जवळजवळ सगळा बरोबर.

लांबी, म्हणजे पांढरा किती लांब जाईल ते, मात्र नाही येत. त्याचं गणित हे की वेग कसा वाटला जातो ते कटवर ठरतं. हाफ बॉल म्हणजे समोरचा बॉल अर्धाच झाकला जातो असा ३० अंशांचा कट, त्यात समोरच्या बॉलला साधारण ८७ टक्के वेग जातो आणि पांढऱ्याकडे ५० टक्के उरतो. बेरीज शंभर होत नाही म्हणून गोंधळू नका, बेरीज ऊर्जेची होते आणि ती वेगाच्या वर्गावर असते, तीन भाग त्याला, एक भाग याला. ४५ अंशांना दोघांना ७१-७१ टक्के. ६० अंशांच्या पातळ कटला उलटं, पांढरा ८७ टक्के घेऊन पळतो. म्हणून पातळ कट हळू मारला तरी पांढरा अख्खं टेबल फिरून येतो आणि जाड कट जोरात मारला तरी तो तिथेच रेंगाळतो. हे माहीत नसताना पातळ कटवर पांढरा आवरायला बघणं म्हणजे उतारावर ब्रेक शोधणं.

१३ जुलै

गडगडता पांढरा. खरं तर बहुतेक शॉट हेच असतात, कारण हळू मारलं आणि थोडं अंतर असलं की तो पोचेपर्यंत गडगडायला लागलेलाच असतो, आपण ठरवो वा न ठरवो.

इथे काटकोन चालत नाही. बॉलला लागल्यावर पांढरा क्षणभर काटकोनाच्या रेषेत निघतो पण अंगात पुढची फिरकी शिल्लक असते, ती त्याला पुढे वळवते. कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटीत मेकॅनिकल इंजिनीअरिंगचे प्राध्यापक राहिलेले डेव्हिड अल्सियाटोरे यांनी ३० अंशांचा नियम खूप लोकांपर्यंत पोचवला. पाव बॉलपासून पाऊण बॉलपर्यंत काहीही लागलं तरी गडगडता पांढरा आपल्या मूळ दिशेपासून साधारण ३० अंश वळतो. गणित करून बघितलं, हाफ बॉलला जवळपास ३४ येतात आणि दोन्ही टोकांना २७ च्या आसपास. म्हणजे एवढ्या मोठ्या पट्ट्यात एकच कोन लक्षात ठेवायचा! तर्जनी आणि मधलं बोट फाकवून व्ही केला की साधारण तेवढा कोन होतो, एक बोट मूळ दिशेत ठेवलं की दुसरं बोट सांगतं पांढरा कुठे जाईल. प्रत्येकाचा हात वेगळा म्हणून मी घरी कोनमापकावर बोटं ठेवून किती फाकवायची ते पक्कं करून आले.

काकांनी हे लांबून बघितलं आणि म्हणाले, "ताई, बोटं बघून खेळा, पण मारताना बोटं विसरा." बरोबर आहे त्यांचं, वाकल्यावर परत कोन मोजत बसलं की क्यू सरळ जात नाही.

२० जुलै

जोराचा परिणाम. तोच हाफ बॉल, तोच गडगडता पांढरा, हळू, मध्यम, जोरात.

हळू मारला तर तो लगेच वळतो. जोरात मारला तर आधी काटकोनाच्या रेषेत बराच घसरतो आणि मग वळतो, पण वळून झाल्यावर दिशा तीच असते, फक्त सगळा रस्ता बाजूला सरकलेला असतो. हे आज खडूने कपड्यावर रेघा काढून बघितलं तेव्हा पटलं, तीन रेघा जवळजवळ समांतर. मधला वळणाचा तुकडा पॅराबोला असतो, हे फ्रेंच गणिती कोरिओलिसने १८३५ मध्येच बिलियर्ड्सवर लिहिताना मांडलं होतं, तोच कोरिओलिस ज्याचं नाव आपण वाऱ्यांच्या धड्यात वाचतो. वाटेत दुसरा बॉल असेल तर हा सरकलेला रस्ता फार कामाचा, जोर वाढवून त्या बॉलच्या पलीकडून जाता येतं.

अजून एक, पांढरा क्यूच्या टिपपासून (टोकापासून) लगेच गडगडत निघावा असं वाटत असेल तर बॉलच्या उंचीच्या सात दशमांशावर मारायचं, ५७ मिलिमीटरच्या बॉलवर कपड्यापासून ४० वर. डोळ्याला ते बरंच वर वाटतं.

३ ऑगस्ट

स्क्रू, म्हणजे खाली मारून पांढरा बॉलला लागल्यावर मागे आणणं. जमतोय, पण लांबून नाही. टिप मधल्यापासून अर्ध्या त्रिज्येपेक्षा जास्त लांब गेली की मिसक्यू होतो (टिप बॉलवरून निसटते), म्हणजे अर्ध्या इंचाच्या थोडंसंच पुढे हद्द. तेवढ्यातच खेळायचं. क्यू जमेल तेवढी आडवी, चॉक प्रत्येक शॉटला. याच्यावर जास्त वेळ घालवणार नाही, कारण कोन बरोबर ठेवला तर निम्म्या वेळा स्क्रूची गरजच पडत नाही असं दिसतंय.

१० ऑगस्ट

आज सगळे आकडे बदलले. आल्यावर एसी बंद होता, बाहेर रात्रभर पाऊस, कपड्यावर हात फिरवला तर थंड आणि जड लागत होता. चार डायमंडचा स्टन जो पक्का झाला होता तो पुढे जायला लागला, कारण दमट कपडा जास्त धरतो, उलटी फिरकी लवकर संपवतो आणि बॉल लवकर गडगडायला लागतो. स्क्रू अर्ध्यात मरत होता. लांबी सगळीकडे कमी. कुशनवरून येतानाही पांढरा नेहमीपेक्षा आखूड कोनात येत होता. एसी लावून तासभर गेल्यावर टेबल बऱ्यापैकी पूर्ववत झालं.

मुंबईत जून ते सप्टेंबर हे असंच राहणार, तेव्हा आता रोज पहिली दहा मिनिटं टेबलाला द्यायची. एक चार डायमंडचा स्टन, आणि एक पांढरा या टोकाच्या कुशनवरून परत या टोकाला, बास, त्यावरून आजचा कपडा कसा आहे ते कळतं. क्यूचा शाफ्टही (हातातून सरकणारा पुढचा भाग) चिकट होतो, कोरड्या सुती कापडाने पुसत राहायचं. पावडर नको, टेबलाची वाट लागते आणि काका चिडतात, आणि त्यांचं चिडणं रास्तच आहे.

१९ ऑगस्ट

प्रचंड पाऊस, ऑफिसला जायचा प्रश्नच नाही, घरी वही घेऊन बसले.

सरळ शॉट, गडगडता पांढरा, दोघं किती किती जातील? फुल लागल्यावर पांढऱ्याचा सगळा पुढचा वेग समोरच्याला जातो पण फिरकी पांढऱ्याकडेच राहते, त्या फिरकीवर तो परत चालायला लागतो आणि मूळ वेगाच्या दोन सप्तमांशावर स्थिरावतो. समोरचा आधी घसरतो आणि पाच सप्तमांशावर स्थिरावतो. अंतर वेगाच्या वर्गावर, म्हणून २५ ला ४, सव्वासहा पट. खऱ्या बॉलची टक्कर शंभर टक्के लवचिक नसते म्हणून टेबलावर पाच-साडेपाच पट यायला हवं. रविवारी करून बघणार. म्हणजे पॉकेटपर्यंत बॉल जेमतेम पोचेल एवढाच जोर लावला तर पांढरा मागोमाग त्या अंतराच्या पाचव्या हिश्श्याएवढा जाईल. लांबी मोजायला हे पहिलं हत्यार हातात आलं.

वहीतले जुने रकाने पण बघितले. दिशा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून जवळपास बरोबर येतेय. कागदाबाहेर गेलेले शॉट जवळजवळ सगळे लांबीमुळे गेलेत. दिशा भूमितीतून येते, एकदा कळली की कळली. लांबी हातातून येते आणि हात रोज वेगळा असतो.

२४ ऑगस्ट

पाच पटीच्या आसपासच येतंय, एसी चालू असताना.

साइड, म्हणजे पांढऱ्याला मधल्याच्या डावीकडे किंवा उजवीकडे मारून दिलेली फिरकी. यावर आधी एक सांगायला पाहिजे, नवीन खेळणारे पांढरा बाजूला न्यायला साइड मारतात आणि साइड ते काम करतच नाही. समोरच्या बॉलवरून पांढरा कुठे सुटतो त्यावर साइडचा फरक अगदी थोडा पडतो, साइडचं खरं काम कुशनला लागल्यावर सुरू होतं. चालत्या बाजूची, म्हणजे पांढरा कुशनवरून जिकडे जाणार तिकडची साइड असली की कोन उघडतो आणि वेगही टिकतो, उलट्या बाजूची असली की कोन मिटतो आणि पांढरा मंदावतो. आणि त्याची किंमत मोजावी लागते ती नेम धरताना, उजवी साइड मारली की पांढरा क्यूच्या रेषेपासून किंचित डावीकडे सुटतो, शिवाय समोरच्या बॉललाही थोडा ओढतो. म्हणून मी ठरवलंय की साइडशिवाय जाता येत असेल तर साइड नाही.

जुन्या बिलियर्ड्सवाल्यांचा विषय निघाला. काकांच्या डोळ्यात एकदम चमक. तीनच बॉल, कॅनन (आपला बॉल दुसऱ्या दोन्ही बॉलना लावणं), इन-ऑफ (आपला बॉल दुसऱ्याला लागून पॉकेटमध्ये जाणं) आणि पॉट, आणि परत परत तेच बॉल त्याच जागी आणून ठेवायचे, पांढऱ्यावर ताबा नसेल तर त्या खेळात पाचव्या मिनिटाला माणूस उघडा पडतो. विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात आणि परत १९६४ मध्ये वर्ल्ड अमॅच्युअर चॅम्पियन झाले, आपल्या मुंबईचे मायकल फरेरा १९७७, १९८१ आणि १९८३ ला. काकांचं म्हणणं आहे की पूलवाल्या मुलांना महिनाभर बिलियर्ड्स खेळायला लावलं पाहिजे, आणि मला ते शंभर टक्के पटतं. आता टेबलं कमी झालीत, बहुतेक पार्लरमध्ये स्नूकर आणि पूलच.

१४ सप्टेंबर

गणपतीत खाडा झाला, आज परत.

लांबी पक्की होत नाहीये तर लांबीची गरजच कमी करायची, हा आजचा विषय आणि माझ्या मते अख्ख्या प्रकल्पातला सगळ्यात मोठा. पुढचा बॉल ज्या पॉकेटमध्ये घालायचाय त्यासाठी पांढरा एका ठरावीक बिंदूवर यायची गरज नसते, एक पट्टा असतो, बॉलजवळ अरुंद आणि लांब जाईल तसा रुंद. पांढरा हा पट्टा आडवा कापत गेला तर त्याला बरोबर त्या हातभर जागेत थांबावं लागतं, वीतभर कमी-जास्त झालं की संपलं. पण पट्ट्याच्या लांबीतून आला तर दोन डायमंड कमी गेला काय किंवा जास्त गेला काय, शॉट आहेच.

तीन बॉल लावून बघितलं. पहिला कोपऱ्याच्या पॉकेटजवळ, दुसरा लांब कुशनपासून वीतभर आत, शेवटी काळा. पहिल्यावरून स्टन मारून थेट गेलं की रस्ता छोटा, पण पट्टा आडवा कापला जातो, कधी जमतं कधी नाही. त्याऐवजी गडगडता पांढरा आखूड कुशनवरून वळवून आणला तर रस्ता दुप्पट लांब, तरी तो पट्ट्याच्या आतूनच चालत येतो. आज याने सगळ्यात जास्त वेळा काळ्यापर्यंत पोचले. काका एवढंच म्हणाले, "रेषेतून या, रेषा कापू नका."

आणि एक, पुढचा शॉट एकदम सरळ मिळावा ही इच्छा सोडून द्यायची. सरळ शॉटवर पांढऱ्याला फक्त पुढे, मागे किंवा तिथेच, बाजूला जायची सोयच नाही. थोडा कट मुद्दाम ठेवायचा, आणि योग्य बाजूला ठेवायचा, म्हणजे त्याच्या पुढच्या बॉलकडे तो आपोआप निघतो. म्हणून आता एक बॉल मारताना दोन बॉल पुढचे अंदाज लिहितेय. आता मारताना वेळ लागतो, मागच्या टेबलावरची पोरं घड्याळ बघतात, बघू देत.

२८ सप्टेंबर

नवीन कपडा लागला! काकांनी रात्री फोन करून सांगितलं. एकदम गुळगुळीत, पांढरा घसरतच राहतो. सहा डायमंडचा स्टन आता पूर्वी चारच्या स्टनला जिथे टिप लावायचे तिथेच मारला तरी उभा राहतो. लांबी सगळीकडे डायमंडभर जास्त, कुशनवरून कोन उघडे येतायत. काटकोन मात्र तोच, हाफ बॉलचा गडगडता कोनही तोच, दोन्ही कागद पहिल्याच फटक्यात लागले. लांबीचा रकाना नव्याने भरायला घेतला आहे, आधी दोन, चार आणि सहा डायमंडचे स्टन, मग कुशन, साइड सगळ्यात शेवटी.